अकरा महिने कार्पेट एरियात

घरात रद्दी साठते ना, तसे आमच्याकडे किस्से साठलेत. रद्दीवाला निदान महिन्याला येऊन उचलून तरी नेतो. आमचे किस्से बाहेर काढायलाच बंदी होती!

आम्ही म्हणजे पाच जण. फुलपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगची मॅनेजिंग कमिटी. बिल्डरने परवानगीचे कागद खोटे केले आणि त्यांवर आमच्या सह्या निघाल्या, न वाचता ठोकलेल्या. पोलिसांना बिल्डर सापडला नाही, आम्ही सापडलो. सापडणारच! रविवारी मीटिंग होती आणि कमिटी पहिल्यांदाच पूर्ण हजर होती. अकरा महिने कच्चे कैदी म्हणून आत काढले. मग कोर्टाने निर्दोष सोडलं. त्या दिवशी गेटबाहेर मी जो चहा प्यायलो, तसा चहा पुन्हा कुठे मिळाला नाही.

आता बंदी कोणाची? आमचे चेअरमन गजाभाऊ यांची. सुटून आलो तेव्हा त्यांच्या मनालीसाठी स्थळं बघणं चालू होतं. नातेवाइकांना "गजाभाऊ गावी आईच्या आजारपणात अडकलेत" असं सांगितलेलं. गजाभाऊंनी आम्हा चौघांना गच्चीवर नेलं आणि अक्षरशः हात जोडले. "माझ्यामुळे पोरीचं लग्न मोडलं तर मी जिवंतपणी मेलो रे. साखरपुडा होईपर्यंत आतला एक शब्द बाहेर नको!"

मी सेक्रेटरी. मला गप्प बसायला सांगणं म्हणजे छळच. पण बसलो.

*

पहिला दिवस. बराकीच्या भिंतीवर किती माणसं मावतात तो आकडा रंगवलेला. आत त्याच्या तिप्पट. एक जुना कैदी जागा वाटून देत होता, सगळे त्याला मास्तर म्हणायचे. त्याने फरशीवर वीत टाकून मोजलं, "तुम्हाला माणशी दोन विती. लांबी तुमच्या उंचीप्रमाणे."

आम्ही दाराशीच एकमेकांना खेटून उभे. गजाभाऊ तर सगळ्यात मागे. पण वीस वर्षं चेअरमन राहिलेला माणूस! नकळत विचारून गेले, "हे कार्पेट की बिल्ट-अप?"

मास्तर मान वर न करता म्हणाला, "सुपर बिल्ट-अप. संडासाचा पॅसेज यातच धरलाय!"

अख्खी बराक हसली. आम्हीही हसलो. आत टिकू असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

*

आत पाण्याचे हाल आहेत, असं सगळे रडायचे. नळ सकाळी अर्धा तास. कोणी बादलीवरून भांडतंय, कोणी साबण डोक्यावर वाळवत उभा.

आम्ही पाचही जण नळाकडे खुळ्यासारखे बघत राहिलो. आमच्यातले पाटील सर, रिटायर्ड शिक्षक, त्यांनी खात्री करून घेतली, "रोज येतं? म्हणजे... रोज?"

"हो, रोज. का?"

सर माझ्या कानाशी आले. "सेक्रेटरी, घरी कळवू नका. आपल्या बिल्डिंगमधली निम्मी मंडळी इकडे राहायला येतील!"

*

डाळीबद्दल बोलायलाच नको. वाटीत बघितलं की आपला चेहरा दिसायचा. दाढी करायला सोय होती, एवढंच.

शेवटी मला राहवलं नाही. कागद मिळवला आणि रीतसर अर्ज लिहिला. 'विषय : डाळीच्या पातळपणाबाबत.' खाली पाच सह्या घेतल्या, या वेळी प्रत्येकाकडून आधी मोठ्याने वाचून घेतला! बस्त्याव, म्हणजे आमच्या कमिटीतला गास गावचा बागायती वाडीवाला, त्याने तर सही करण्याआधी मागची कोरी बाजूसुद्धा वाचली.

जेलरसाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. अर्ज दोनदा वाचला.

"सेक्रेटरी ना तुम्ही? तुमच्या सोसायटीत असे तक्रारीचे अर्ज आले की काय करायचात?"

मी प्रामाणिकपणे सांगितलं, "फाइलला लावायचो, साहेब."

साहेबांनी ड्रॉवर उघडला, फाइल काढली, अर्ज लावला. "या आता."

*

मनाली दर पंधरा दिवसांनी भेटायला यायची. मधे काच, दोन्हीकडे फोन. एकदा गजाभाऊंच्या बाजूचा फोनच बंद पडला. दुसरीकडे हलू देईनात. पंधरा मिनिटं ती पलीकडून बोलतेय आणि इकडे काही पोचत नाही.

परत आले तर स्वारी खुशीत! आम्ही विचारलं, "काय म्हणाली?"

"काय की. ऐकू कुठे आलं?"

"मग हसताय काय?"

"अरे, हातवारे करून भांडत होती माझ्याशी! गेल्या वेळी नुसती रडली होती. भांडतेय म्हणजे सावरली पोरगी."

असं म्हणाले आणि टॉवेल तोंडावर घेऊन बसले.

*

आत सगळे कुशीवर झोपायचे, एकमेकांना खेटून. एकाला वळायचं असेल तर अख्खी ओळ वळणार. म्हणून आधी विचारायची पद्धत : "वळू का?" ओळ म्हणायची, "वळ."

सुटल्यावर आठ दिवसांनी आमच्या विलासची बायको जिन्यात भेटली. विलास म्हणजे कमिटीतला सगळ्यात हेकट मेंबर. घरात पंख्याचा वेगसुद्धा हाच ठरवणार. मी विचारलं, "वहिनी, विलास बरा आहे ना?"

"बरा? अहो, एवढ्या मोठ्या पलंगाच्या कडेला अंग चोरून झोपतात आणि झोपेत विचारतात, वळू का? लग्नाला बावीस वर्षं झाली, पहिल्यांदा हा माणूस मला काहीतरी विचारतोय!"

मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मी लगेच 'वळा' म्हणत नाही. थोडं थांबवते."

*

आता मनालीचा साखरपुडा.

मुलगा उमेळ्याचा, बँकेत नोकरीला. मनालीने त्याला पहिल्याच भेटीत सगळं सांगून टाकलं होतं. तो म्हणाला, "मला काही प्रॉब्लेम नाही. पण आमच्या पप्पांना आत्ता नको. ते फार कडक आहेत." पप्पा म्हणजे राऊतकाका. तिथले जुने वाडीवाले. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, बोलणं मोजून. त्यांना बघितलं की गजाभाऊंना घाम फुटायचा. "या माणसाला कळलं की संपलं सगळं!"

समारंभ राऊतांच्या वाडीतच होता. दुपारी बाराचा मुहूर्त. अंगठ्यांची ताटं आलेली, भटजी तयार, दोन्हीकडची मंडळी मांडवात. आम्ही पाचही जण नव्या कपड्यांत, एका बाजूला उभे. सकाळपासून माझ्या तोंडून तुरुंगाचा 'त'सुद्धा निघाला नव्हता. गजाभाऊ मला हळूच म्हणाले, "अर्धा तास, सेक्रेटरी. अर्धा तास निभावलं की सुटलो."

तेवढ्यात फाटकावर केटररचा टेम्पो रिव्हर्स घ्यायला लागला आणि वॉचमनने शिट्टी मारली. लांब, कर्कश्श.

आता हे तुम्हाला सांगायला हवं. आत रोज दोनदा शिट्टी वाजायची, गिनतीची, म्हणजे कैदी मोजायची. शिट्टी वाजली की हातात असेल ते टाकायचं आणि जागच्या जागी उकिडवं बसायचं, दोघादोघांच्या जोडीने. हात गुडघ्यांवर, मान खाली. अकरा महिने, रोज दोनदा!

माझ्या डोक्याला कळायच्या आत माझे गुडघे वाकले. शेजारी विलास बसला. मागे पाटील सर आणि बस्त्याव, दुसरी जोडी. आणि सगळ्यात पुढे, मुलीचा बाप, नव्या सिल्कच्या कुर्त्यात, हात गुडघ्यांवर ठेवून उकिडवा. एकटा!

भटजींचा हात वरच राहिला. कोणीतरी कुजबुजलं, "काय झालं? चक्कर आली का?" मनालीच्या आईने तोंडाला पदर लावला. मनालीचा चेहरा पांढराफटक. गजाभाऊंना उठायचं होतं, पण पाय उठेनात. गेलं, आमच्यामुळे पोरीचं लग्न गेलं!

राऊतकाका खुर्चीतून उठले. कोणाकडे न बघता सरळ आमच्याकडे चालत आले आणि गजाभाऊंच्या समोर उभे राहिले. मला त्यांचे फक्त बूट दिसत होते.

मग त्यांनी पँट गुडघ्यापाशी जराशी वर ओढली आणि गजाभाऊंच्या शेजारी उकिडवे बसले. हात गुडघ्यांवर, मान खाली.

आणि ओठ न हलवता म्हणाले, "हलू नका, व्याही. एकजण हलला तर परत पहिल्यापासून मोजतात!"