फाटलेली पानथरी

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मी धुळ्याच्या एका दवाखान्यात नर्स होते. एके सकाळी सोनगीरकडची एक बाई बैलगाडीतून आली, पोट धरून दुमडलेली. सोबत नवरा आणि सासू. सासूने विचारायच्या आतच सांगून टाकलं, "शिळी भाकर खादी, म्हनीसन पोट दुखस."

बाई म्हणाली, "यानी लाथ मारी माले."

मी लुगडं सारून पाहिलं. पोटावर ना वळ, ना खरचटलेलं. माझा स्वभाव मुळात तापट. ढोंगं करू नकोस म्हणून तिला झापलं आणि पाचक पाजून बाकावर बसवलं. तिने आणखी दोनदा तेच सांगितलं. मी कानाआड केलं.

दुपारी तिचे ओठ पांढरे पडले. नाडी हाताला लागेना. डॉक्टर पोट दाबून म्हणाले, आत रक्त साचतंय, कुठून ते उघडून पाहिल्याशिवाय कळायचं नाही. त्यासाठी संमतीच्या कागदावर नवऱ्याचा अंगठा लागायचा. तो दाराला पाठ लावून उभा राहिला.

"मन्ही बायकोना पोटले चाकू लावू देवाव नही."

चोराच्या मनात चांदणं. लाथ खरी होती हे मला तेव्हा कुठे उमगलं, आणि डोकंच फिरलं. त्याच्या कानाखाली वाजवली, मनगट पिरगाळून अंगठा शाईत दाबला आणि कागदावर रगडला. सासू मागून माझा अंबाडा ओढत होती.

सुरी आत गेली तसं रक्त उसळून डॉक्टरांच्या छातीवर आलं. ओंजळींनी उपसावं लागलं. त्या भागात हिवताप पाचवीला पुजलेला. डाव्या बरगडीखालची तिची पानथरी, म्हणजे प्लीहा, आधीच सुजून मोठी झालेली, ती लाथेने उभी फाटली होती. डॉक्टरांनी ती काढून टाकली. मी ती ट्रेमध्ये घालून व्हरांड्यात नेली आणि नवऱ्याच्या नाकासमोर धरली.

"ही बघ तुझ्या आईची शिळी भाकर."

तो भिंतीला धरून भडाभडा ओकला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

बाई वाचली. टाके काढताना मी तिला हे सगळं मोठ्या फुशारकीने ऐकवलं. ती हसेल असं मला वाटलं होतं. ती पोटावरच्या शिवणीकडे बघत राहिली.

"मी तुमले तीन येळा सांगं, बाई," ती म्हणाली. "पोट फाडं तवय पटनं का?"