वजा चाळीस

आमच्या ह्यांना सगळा बाजार काटेवाले म्हणायचा. दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करायचे, छत्तीस वर्षं हेच काम. पुढच्या अरुंद खोलीत लांब टेबल, त्यावर भिंग, आणि पेटीत ओळीने बसवलेली पितळी वजनं. त्या वजनांना हात लावायचा नाही, चिमट्याने उचलायची. मी एकदा फडक्याने पुसायला घेतली तर असे ओरडले, की शेजारीण धावत आली.

माणूस नाकासमोर चालणारा. एखादा जुना काटा काही केल्या नीट होईना, तर नेमका फरक काढायचे आणि त्यावर चिठ्ठी चिकटवायचे, ‘वीस ग्रॅम वजा करा’. “फरक कळला की खोटा काटासुद्धा खरं बोलतो,” हे त्यांचं ब्रह्मवाक्य. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, “काका, उपाशीपोटीची एकशे अठ्ठावीस आहे. काठावर आहात. लगेच गोळी नको, आधी खाणं सांभाळा, रोज चाला. घरी मशीन घ्या आणि सकाळचा आकडा वहीत लिहा. एकशेतीसच्या वर जायला लागली की गोळी सुरू करू. तिथे उशीर चालणार नाही, डोळ्यांवर जाते ती.” डोळे म्हटल्यावर मी ह्यांच्याकडे पाहिलं. केसाएवढी रेघ वाचणारे डोळे ते, त्यांवर तर आमचं घर चाललं होतं.

मशीन आणलं आणि ह्यांनी आधी काय करावं? मशीनचीच परीक्षा घेतली. सकाळी उपाशी जाऊन तपासणी केंद्रात रक्त दिलं, घरी येऊन लगेच मशीनवर बोट टोचलं. केंद्राचा आकडा आला एकशे सव्वीस, मशीनचा एकशे सहासष्ट. झालं! मशीनच्या पाठीवर चिठ्ठी चिकटली, ‘वजा चाळीस’.

“मलाही एक चिकटवा,” मी म्हटलं, “माझं तोंड जरा जास्तच चालतं.”

“तुझा फरक काढायला माझा जन्म पुरायचा नाही,” ते म्हणाले. दोघं हसलो. मेलं कसलं हसू आलं होतं कोण जाणे.

रोज सकाळी टोचायचे, चाळीस वजा करायचे आणि उरलेला आकडा सुवाच्य अक्षरात लिहायचे. एकशे एक, एकशे आठ, एकशे सोळा. डॉक्टरबाई वही बघून खूश. “गोळी लांबवलीत तुम्ही,” म्हणायच्या. लपवाछपवी नव्हती हो त्यात. त्यांच्या लेखी फरक काढल्यावर जो उरतो तोच आकडा, मग वजाबाकीचं कुणाला काय सांगायचं? तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी बाईंनी दोनदा लिहून दिली. हे म्हणाले, “रोजचं माप हातात असताना सरासरी कशाला?” एरवी मी शब्दाला शब्द देणारी, पण तेव्हा मीही म्हटलं, खरंच, कशाला.

यंदा त्यांना डोळ्यांपुढे काळे धागे दिसायला लागले. आठवडाभर ते भिंगच पुसत बसले. मग एका दुपारी उजव्या डोळ्यावर पडदा पडला तो पडलाच. आत रक्त उतरलं होतं. डाव्याला लेसर केलं, पण त्याने आता उजेड कळतो, माणूस कळतो, अक्षर कळत नाही. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, “साखर बराच काळ वाढलेली आहे.”

डॉक्टरबाईंनी वही पहिल्या पानापासून चाळली. मग म्हणाल्या, “मशीन आणलंय का?” त्यांनी ते उलटं केलं, चिठ्ठी वाचली. ह्यांची बोटं पुसून त्यांनी आमच्या आणि स्वतःच्या, दोन्ही मशीनवर रक्त घेतलं. दोन्हींचा आकडा जवळजवळ एकच.

“मी स्वतः तपासलं होतं,” हे म्हणाले.

“त्या दिवशी हात धुऊन टोचलं होतं का, काका? बोटाला फळाचा रस राहिला तरी आकडा वाढतो.”

“आठवत नाही.”

मला आठवत होतं. माझं मनगट दुखत होतं म्हणून ते केंद्रातून आल्या आल्या मी त्यांच्या हातात संत्रं दिलं होतं, सोलून द्या म्हणून. स्वतः उपाशी असलेल्या माणसाने फोडी करून दिल्या मला, आणि तशाच बोटाने टोचून घेतलं. डॉक्टरबाईंसमोर मी मूग गिळून बसले. दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्याजवळ बसून सगळं सांगितलं.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “वही काढ. प्रत्येक आकड्यात चाळीस मिळव आणि सांग, एकशेतीस पहिल्यांदा कधी ओलांडलं. गोळी कधी सुरू व्हायला हवी होती ते कळू दे मला.”

वही त्यांना दिसत नव्हती. मी कुठलीही तारीख सांगू शकले असते. गेल्या महिन्यातली म्हटली असती तर त्यांनी ती खरी धरली असती आणि झोपले असते. पण छत्तीस वर्षं ज्याने कुणाला खोटं माप दिलं नाही, त्याला मी कसं देऊ?

“पहिल्याच सकाळी,” मी म्हटलं. “एकशे एक्केचाळीस.”

त्यांनी चाचपडून वहीवर हात ठेवला. मग म्हणाले, “पुढचा वाच.”