मलमलीचा तुकडा

कपाट आवरताना मलमलीचा जुना तुकडा हाती आला आणि ती सकाळ आठवली. लेक सहा वर्षांची होती, रक्ताच्या कॅन्सरसाठी तिची केमो चालू होती. गल्लीत द्राक्षवाल्याची हाक आली तरी तिने हट्ट केला नाही, तोंड दुखतं म्हणाली. जिभेवर पांढरा थर होता. सासूबाई म्हणाल्या, "दूध साचलंय गं. तुझ्या नवऱ्याची जीभ मी फडक्यानेच पुसायचे." मी मलमल ओली करून बोटाला गुंडाळली आणि घासली. थर निघाला, खालून रक्त आलं, आणि ते थांबेना. मी दवाखान्यात फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, "ताई, ती बुरशी आहे. प्रतिकारशक्ती कमी झालेल्या मुलांना होते. आता अजिबात घासू नका, लगेच आणा. ताप आहे का?" मी तिच्या काखेत थर्मामीटर लावला. आकडा चढत होता. रक्ताळलेल्या ओठांनी ती म्हणाली, "आई, मी नीट चूळ भरली होती." औषधांनी ती बरी झाली. आता दहावीला आहे. मला चिडवायला रोज चहाआधी जीभ बाहेर काढून दाखवते. मी हसते, पण नीट बघून घेते.