पळीच्या जागी किल्ली

विमानात मावशीला खिडकीजवळची जागा मिळाली होती. एरवी ढगांकडे बघत तिने मन लावून देवाचं नाव घेतलं असतं, पण आज नाव घेता घेताच लक्ष पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे जात होतं. पिशवीत नातींचे फोटो होते, शेजारणींसाठी साबणाच्या वड्या होत्या, फोरमनसाठी लोकरीचे मोजे होते. पळी मात्र नव्हती. ती लेकीकडे राहिली होती.

सगळी इमारत तिला मावशी म्हणायची आणि तिच्या नवऱ्याला फोरमन. बसदुरुस्तीच्या कार्यशाळेत हत्यारांच्या खोलीचा कारभार त्याने इतकी वर्षं सांभाळला, की निवृत्तीनंतरही ते नाव चिकटून राहिलं. थोरली लेक परदेशी. तिला जुळ्या मुली झाल्या तेव्हा मावशी दोन महिन्यांसाठी म्हणून गेली. एकीला ताप, दुसरीला दात, मग थोरलीची नोकरी पुन्हा सुरू, असं करता करता वर्ष उलटलं.

पळीचं म्हणाल तर मावशी डावखुरी. दुकानातल्या पळ्यांना चोच असते ती उजव्या हाताच्या सोयीची. त्यातून मावशीने सूप वाढलं की निम्मं ताटलीत आणि निम्मं खाणाऱ्याच्या मांडीवर. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मांडी भाजून घेतल्यावर फोरमनने कार्यशाळेतल्या पत्रेवाल्याकडून उलट्या बाजूला चोच असलेली पळी करून आणली. मावशी ती परदेशी घेऊन गेली होती. थोरलीही आईसारखीच डावखुरी. निघायच्या दिवशी पळी हातात धरून ती म्हणाली, "आई, ही राहू दे ना माझ्याकडे."

एरवी मावशीने जीव गेला तरी दिली नसती. पण फोनवर धाकटा मुलगा दर वेळी एकच ऐकवायचा, "आमचं मस्त चाललंय. तू निवांत राहा." सुरुवातीला बरं वाटलं. पुढे पुढे टोचायला लागलं. कांदे कुठे ठेवलेत, पडदे कधी धुवायचे, कुणी काही विचारीना. आपल्यावाचून घराचं काहीच अडत नसेल तर आपण कुठल्या जागेवर परत निघालोय, हे तिला कळेना. मग तिने पळी देऊन टाकली. "ठेव बाई. तिकडे कोण तिची वाट बघतंय?"

"घरी कोण कोण असतं?" शेजारच्या बाईंनी विचारलं. त्या दातांच्या डॉक्टर होत्या.

"नवरा आणि मुलगा. दोघं अगदी मजेत आहेत."

बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. "दाढ दुखतेय का?"

विमानतळावर धाकटा एकटाच आला होता.

"बाबा कुठेत?"

"स्वयंपाकघर पुसतायत. सकाळपासून तिसऱ्यांदा."

"तुम्ही काय, घर आरशासारखं ठेवत असाल."

"ठेवतोच," धाकटा म्हणाला आणि उगाच गाडीचा आरसा सारखा करत बसला.

घरात पाऊल टाकताच मावशी थेट स्वयंपाकघरात गेली आणि उंबऱ्यातच थबकली. समोरच्या भिंतीवर भली मोठी राखाडी फळी ठोकलेली होती. तिच्यावर ओळीने झारा, किसणी, चिमटा, गाळणी, कढई. प्रत्येक वस्तूभोवती पांढऱ्या रंगाची जाड रेघ. तिच्या हातचा एकही खिळा जागेवर नव्हता.

"कशी आहे?" फोरमनने ओल्या फडक्यानेच हात पुसत विचारलं.

"छान," मावशी म्हणाली. "माझं काही कामच ठेवलं नाहीत."

तेवढ्यात तिला अगदी मधोमध एक आकृती दिसली. लांब दांडा, खाली वाटी, वाटीला डाव्या बाजूला चोच. वस्तू नव्हतीच. वरच्या खिळ्याला मात्र तिची घराची किल्ली लटकत होती. जाताना दाराशी ठेवून गेली होती ती.

"हे काय?"

"तुझी पळी. कार्यशाळेचा नियम आहे. जागा रिकामी म्हणजे हत्यार कामावर गेलंय. तिथे दुसरं काही टांगायचं नाही. नेणाऱ्याचा बिल्ला टांगायचा. तुझ्याकडे बिल्ला कुठला, म्हणून किल्ली."

"आई, आकृती काढायला पळी होती कुठे?" धाकटा हसायला लागला. "बाबा रिकामी ताटली घेऊन स्वतःच्या खुर्चीत बसले, तुझ्या खुर्चीकडे बघत. म्हणाले, चोच माझ्या डाव्या हाताला यायची."

"पण एवढी मोठी? ही पळी आहे की बादली?"

"भूक लागली होती," फोरमन म्हणाला.

"आणि फोनवर तर तुमचं मस्त चाललं होतं."

धाकट्याने बापाकडे बोट दाखवलं. "यांनीच बजावलं होतं. तिला इथली काळजी लागली तर जुळ्यांना टाकून धावत येईल म्हणाले."

मावशीने पदराने नाक पुसलं आणि किल्लीकडे हात नेला.

"अंहं," फोरमन आडवा आला. "आधी पळी जमा कर."

मावशीने हात मागे घेतला. मग हळूच म्हणाली, "अहो, ती थोरलीला दिली. मला वाटलं, इथे आता कुणाला नको असेल."

फोरमनने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा आकृतीकडे. मग आत जाऊन खण उपसला आणि थोरलीला शाळेत पोहण्यात मिळालेला पितळी बिल्ला घेऊन आला. किल्ली काढून त्याने मावशीच्या डाव्या हातात ठेवली आणि बिल्ला खिळ्याला अडकवला.

"आता पळी तिच्या नावावर. तिने स्वतः येऊन जमा करायची."

"दोन पोरींना घेऊन?"

"नियमात पोरींना मनाई नाही."

देवा, तुझी लीला, असं मनात म्हणत मावशीने किल्ली कमरेला खोचली. मग शेगडीवरच्या पातेल्याचं झाकण उचलून पाहिलं.

"हे काय?"

"सूप."

"आणि काल?"

फोरमनने फडकं उचलून ओटा पुन्हा पुसायला घेतला.

"कालचंही तेच, होय ना? फोनवर म्हणे मस्त." तिने कांदा मागितला, मिरपूड मागितली, आच वाढवली. मग फळीवरून दुकानातली, उजव्या हाताची पळी काढून डाव्या हातात घेतली. "बसा दोघं."

फोरमन आपल्या खुर्चीत बसला आणि न सांगता मांडीवर जाडसं फडकं पसरलं.