चोरून खाल्लेला भात

आमच्या घरात भाताला मान नव्हता. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात राहून असं म्हणणं म्हणजे आगाऊपणाच. गावाबाहेर पडलं की चारी दिशांना धानाचे बांध, लालबर्ऱ्याच्या रस्त्यावर एकामागून एक राईस मिल, आणि कोंड्याची धूळ बसच्या खिडकीतून थेट नाकात. मी त्याच रस्त्यावरच्या एका सरकारी शाळेत शिकवते, त्यामुळे ती धूळ माझ्या साड्यांच्याही ओळखीची आहे. पण आम्ही पोळी खाणारे. सासऱ्यांची नोकरी सरकारी, नवऱ्याची सरकारी, माझीही सरकारी. दोन पिढ्यांपूर्वी नागपूरकडून आलेलं घर, आणि इथल्या लोकांपासून आपण जरा वेगळे आहोत हे दाखवायला आम्ही जपलेली एकच गोष्ट म्हणजे ताटात आधी पोळी, भात शेवटी मुदीएवढा. मुलं मराठीपेक्षा हिंदी चांगलं बोलायला लागली ते आम्ही चालवून घेतलं, पण पोळी सोडली नाही.

सासूबाईंचं तर एक ठरलेलं वाक्य होतं. "भातानं पोट सुटते अन् पाय वाळतात."

हे सगळं सांगते आहे, कारण माझ्या मुलीचं पोट सुटलं होतं आणि पाय वाळले होते.

ती तेव्हा सहा वर्षांची होती आणि चार वर्षांच्या मुलीचे फ्रॉक तिला सैल व्हायचे. शाळेत दरवर्षी मुलांना भिंतीला उभं करून त्यांची उंची मोजणारी मी, पण घरी दाराच्या चौकटीवर तिच्या नावाची पेन्सिलची खूण वर्षभर जागची हलली नव्हती. दिवसातून चार-पाच वेळा शौचाला जायची. केस विंचरताना पुंजका हातात यायचा. दुपारी खेळायचं सोडून पोट धरून पलंगावर पडून राहायची आणि कुणी बोललं तरी चिडायची. गावातल्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, मग रक्तवाढीचं, मग परत जंताचं. "कमजोरी आहे, दलिया द्या," म्हणाले. मी गव्हाचा दलिया दिला. सासूबाईंनी रव्याची खीर दिली. नवऱ्याने चहात बुडवून खायला टोस्टचा पुडा आणला. आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तिचा भात बंद केला. जे धान्य तिला आतून जाळत होतं ते तीन वेळा, आणि जे सोसलं असतं ते एकदाही नाही. इतकं नेमकं उलटं कुणी ठरवूनही करू शकलं नसतं.

आमच्याकडे भांड्यांना येणारी बाई डब्यात बासी आणायची, म्हणजे आदल्या दिवसाचा भात पाण्यात भिजवलेला, वर मीठ आणि चिरलेला कांदा. काम आटोपलं की मागच्या अंगणात नळाजवळ बसून खायची. एका रविवारी मी कपडे वाळत घालायला मागे गेले, तर माझी मुलगी तिच्यासमोर उकिडवी बसलेली आणि दोन्ही हातांनी भात तोंडात कोंबत होती. मला बघून ती दचकली आणि घास गिळायची घाई करायला लागली. मी तिच्या पाठीत धपाटा घातला. तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी तिचे गाल दाबून तोंड उघडलं आणि बोट घालून तो भात बाहेर काढला.

"मत मारो मॅडम," बाई म्हणाली. "रोज खाती है मेरे साथ. इतनाच पचता है उसको."

मला त्या बाईचाच राग आला. डॉक्टरांना, सासूबाईंना आणि बीएड झालेल्या मला जे कळलं नव्हतं ते ती नळाजवळ बसून सांगत होती. मी तिला ठणकावलं की उद्यापासून डबा तुझ्या घरीच खाऊन येत जा. ती बिचारी डबा विसळायला लागली.

पुढचं वर्ष कसं गेलं ते आठवायचं म्हटलं तरी नको वाटतं. मुलगी भात चोरायची आणि मी पकडायची. कुकरचं झाकण वाजलं की मी स्वयंपाकघरात धावायची. चोरताना सापडली की ती रडायची नाही, फक्त तोंड घट्ट मिटून घ्यायची. दिवाळीच्या आधी तिला जिना चढवेना. दोन पायऱ्या चढून बसायची. त्या दिवसांत मी देवापुढे उभी राहून काय मागत होते ते लिहायची माझी हिंमत नाही.

वाट दाखवली ती शाळेतल्या एका मॅडमनी. त्यांच्या इंदूरच्या भाचीला गव्हाचा त्रास निघाला होता, सीलिएक म्हणतात तो. "एक बार गेहूँ बंद करके देखो," त्या म्हणाल्या, "क्या बिगडेगा?" मी बंद केला. सासूबाईंनी तोंड वाकडं केलं, पण मुलगी तीन आठवड्यांत भांड्यांवाल्या बाईच्या मागे पळायला लागली. पोट उतरलं. उन्हाळा लागेपर्यंत चौकटीवरची खूण बोटभर वर सरकली, आणि मी ती नवी खूण येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत सुटले.

इथे थांबायला हवं होतं की आधी तपासणी करायला हवी होती, हे आता विचारून उपयोग नाही. मला वाटलं, एकदा रक्त तपासून कागद हातात असावा. नाहीतर लग्नाकार्यात कोणी ऐकणार नाही, घरातही नाही. राजेगावचा पूल ओलांडून आम्ही गोंदियाला मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. गव्हातल्या ग्लूटेनच्या विरोधात शरीर जे तयार करतं ते मोजायची तपासणी असते, ती केली. रिपोर्ट साफ आला.

डॉक्टर वयस्क होते. त्यांनी विचारलं, गहू कधीपासून बंद आहे? मी अभिमानाने सांगितलं, सहा महिने. एक कणसुद्धा दिला नाही.

ते कपाळाला हात लावून हसले. "मॅडम, तुम्ही शिक्षिका ना? फळा पुसून आणला तुम्ही. आता मी काय वाचू?"

गहू पोटात जात असेल तरच रक्तात खूण सापडते. गहू सुटला की खूणही हळूहळू पुसते. आजार असेल किंवा नसेल, या कागदावरून सांगता येत नाही. सांगायचं असेल तर एकच मार्ग. मुलीला परत गहू खायला द्यायचा, रोज दोन पोळ्या, सहा आठवडे, आणि मग रक्त. मध्ये थांबलं तर पुन्हा पहिल्यापासून. त्यांनी जबरदस्ती केली नाही. "तुम्ही ठरवा," म्हणाले. "पण जन्मभराचं पथ्य अंदाजावर टिकत नाही, हे माझ्या अनुभवाचं सांगतो."

परतीच्या बसमध्ये नवरा म्हणाला, "रिपोर्ट साफ आहे तं पोरीले जन्मभर काहून उपाशी ठेवायचं?" त्यामुळेच मी ठरवलं. कागद नसेल तर हा माणूसच एक दिवस तिला समोसा खाऊ घालील, प्रेमाने. मी कणीक मळायला घेतली.

सहा आठवडे मी माझ्या मुलीला रोज दोन पोळ्या खाऊ घातल्या. पहिल्या आठवड्यात काही झालं नाही, आणि मी वेडी आशा धरून बसले की आजार नसेलच. दुसऱ्या आठवड्यात पोट फुगलं. तिसऱ्यात ती शाळेत दप्तरावर ओकली आणि मला माझ्या वर्गातून उठून तिला आणायला जावं लागलं. कॅलेंडरवर मी रोज एक रेघ मारायची, आणि रेघ मारून वळले की ती ताटासमोर बसलेली असायची. ती नाही म्हणाली नाही, हीच सगळ्यात वाईट गोष्ट. रडली असती, ताट भिरकावलं असतं, तर मला कदाचित थांबायला निमित्त मिळालं असतं.

एकदाच तिने विचारलं. "आई, मी चांगली झाल्ती ना? मंग पोळी काहून देऊन राह्यली?"

"डॉक्टरले दाखवाले लागते बेटा. नाही तं त्यांले समजत नाही."

"पण मले समजते ना," ती म्हणाली आणि तुकडा तोडला.

चौथ्या आठवड्यात सासूबाई स्वयंपाकघरात आल्या आणि माझ्या हातातलं लाटणं धरलं. आयुष्यभर पोळीचा झेंडा मिरवलेली ही बाई. "बस कर वं आता," त्या म्हणाल्या. "मले कागद नाही पाहिजे. माह्या डोळ्याले दिसून राह्यलं." दाराशी नवरा उभा होता, त्यानेही मान हलवली. ज्यांना पटावं म्हणून हा सगळा घाट घातला होता, त्यांना पटलं होतं. आता कागद कुणासाठी?

मी लाटणं सोडवून घेतलं. अठ्ठावीस रेघा झाल्या होत्या, चौदा उरल्या होत्या. आज थांबले तर ह्या अठ्ठावीस फुकट, आणि उद्या कधी तपासायची वेळ आली तर परत पहिल्यापासून. मी तेव्हा असा हिशेब केला. तो बरोबर होता, डॉक्टरांनीही नंतर तसंच सांगितलं. पण मी पोळी लाटत होते आणि सासूबाई ओट्याला टेकून पदराने डोळे पुसत होत्या, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. त्या दिवशी मुलीला पोळी भरवावी लागली. तिच्या हातात तोडायचं बळ नव्हतं. मी तिच्या तोंडात घास घालत होते आणि ती तोंड उघडत होती.

रक्तात खूण सापडली. नुसती सापडली नाही, मोजायच्या पलीकडे निघाली. मग नागपूरला नेऊन तिला भूल देऊन आतड्याचे चार कण काढले. आठ दिवसांनी कळलं की अन्न शोषणारी आतली लव पार झिजून सपाट झाली आहे. मुलीला जन्माचा आजार निघाला म्हणून मी दवाखान्याच्या बाकावर बसून आनंदाने रडले. शेजारच्या बाईला वाटलं, मुलगी बरी झाली. तिने माझं अभिनंदन केलं आणि मी ते घेतलंही.

त्यानंतरची लढाई बारीकसारीक गोष्टींची. तवा वेगळा, पोळपाट वेगळा. पूजेचा प्रसाद शिऱ्याचा, तो हातात घेऊन कपाळाला लावायचा आणि गाईला द्यायचा. लग्नात घरचा डबा नेला की नातेवाईक विचारणार, "आमचं चालत नाही का?" हिंगात मैदा असतो हे कळलं त्या दिवशी मी डबी मोरीत रिकामी केली. एवढं करूनही वर्षाने रक्त तपासलं तर आकडा जिथल्या तिथे. उंचीही जिथल्या तिथे. गोंदियाच्या डॉक्टरांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "कुठून तरी जातंय," ते म्हणाले. मी तिथेच हमसाहमशी रडायला लागले, कारण आता कुणावर संशय घ्यायचा तेच मला कळेना.

जात होतं ते चक्कीतून. आमचा चक्कीवाला भला माणूस. गहू, चणे, ज्वारी ज्याच्या त्याच्या पाळीने दळायचा आणि तांदूळ मात्र दिवसाच्या शेवटी घ्यायचा. तांदळाने दगड साफ होतो, असं त्याचं म्हणणं, आणि आमच्याकडे सगळे हेच मानतात. मीही मानायची. वर्षभर मी मुद्दाम शेवटचा नंबर लावला, तेवढंच शुद्ध पीठ मिळेल म्हणून. दिवसभराचा गहू दगडावरून पुसून निघायचा तो माझ्या डब्यात, आणि माझ्या मुलीच्या तांदळाच्या भाकरीत. हेही विष मीच दिलं, चालत जाऊन, दळणाचे पैसे मोजून.

आता घरी छोटी चक्की आहे. मुलगी दहा वर्षांची झाली. आकडा उतरतो आहे, पण अजून हवा तिथे आलेला नाही. गेलेली उंची भरून निघेल का, असं दर वेळी मी विचारते, आणि डॉक्टर दर वेळी म्हणतात, बघू. तिच्या वर्गातल्या मुली तिच्यापेक्षा डोकंभर उंच आहेत. शाळेत मी अजून मुलांना भिंतीला उभं करून मोजते. घरच्या चौकटीवर मात्र आता सासूबाई खूण करतात, माझ्याने होत नाही.

आता आमच्या ताटात आधी भात असतो. सगळ्यांच्याच. मी तिला भरपूर वाढते, वर वरण, वर तूप. ती घास उचलते आणि तोंडात घालायच्या आधी एकदा माझ्या हाताकडे बघते. मग न चावता गिळून टाकते.

"सावकाश खा बेटा," मी म्हणते. "कोणी नाही नेत."

"हौ," ती म्हणते आणि पुढचा घासही तसाच गिळते.