परत देण्याच्या बोलीवर आणलेला कॉम्प्युटर

कॉम्प्युटर सुरू व्हायचा. पंखे फिरायचे, स्क्रीनवर कंपनीचं नाव यायचं, मला हायसं वाटायला लागायचं आणि तेवढ्यात सगळं काळं. लगेच पुन्हा बटण दाबलं तर त्याहून लवकर काळं. सुटे भाग आणून मीच तो घरी जोडला होता, कारण तयार घेतला तर दुकानदार आत काय घालतो ते बघायला कोण जातंय? सोलापूरच्या दुकानात प्रत्येक खोक्याचं सील मी बोटानं चाचपून पाहिलं होतं. तरी ही गत.

लग्न होऊन लोहाऱ्याला आले तेव्हा माझा सिव्हिलचा डिप्लोमा कपाटात गेला होता. मग धाराशिवच्या एका इंजिनियरनी घरांचे नकाशे काढायचं काम घरबसल्या द्यायला सुरुवात केली आणि मला पुन्हा माणसात आल्यासारखं वाटलं. पण ऐन वेळी जुन्या लॅपटॉपनं मान टाकली. अणदूरच्या एका घराचा नकाशा सोमवारी द्यायचा होता. इंजिनियर फोनवर म्हणाले, "मॅडम, टेन्शन घेऊ नका. नाही जमलं तर सांगा, दुसरं कुणीतरी बघतो." इतकं गोड बोलणाऱ्या माणसाचा मला भरवसा वाटत नाही. ते दुसरं कुणीतरी त्यांनी आधीच बघून ठेवलंय, अशी माझी खात्री झाली. हा नकाशा चुकला तर माझं काम गेलं.

नवरा नोकरीला लातूरला. सासूबाई गेल्यापासून घरात मी आणि सासरे. त्यांना मी मामा म्हणते. मामा एसटीत कंडक्टर होते आणि अजूनही हातात आलेली नोट उजेडाला धरून बघतात. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात; आमचे मामा पाणीसुद्धा फुंकून पितील. घरातल्या फ्रिजच्या हँडलवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. प्लास्टिक काढलं की वस्तू गळ्यात पडली, असं त्यांचं म्हणणं.

मी रॅम काढली, पुसली, परत बसवली. संध्याकाळी आमच्याकडं लाइट कमीजास्त होते म्हणून सकाळी लावून पाहिलं. खोली बदलून पाहिली. दुकानात फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, सगळा माल चेक करूनच दिलाय." आता सीलबंद खोक्यातला माल यानं चेक कसा केला? त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मामा कॉटवर सुपारी कातरत बसलेले. मी बटण दाबलं आणि स्क्रीन काळी झाली की हळूच म्हणायचे, "परत दिऊन टाक बाई. बिल हाय न्हवं?"

एकदा म्हणाले, दोनदा म्हणाले. मग माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. यांना परत द्यायची एवढी घाई का? मला आठवलं, मी भाग जोडत असताना दूध उतू जाईल म्हणून आत गेले होते, तेव्हा सामानापाशी मामा एकटेच होते. आणि शेजाऱ्यांना सांगताना मी त्यांना ऐकलं होतं, "सून दिसभर त्या डबड्यापुढं बसती." मी घरात बसून कमावते हे यांना खपत नसेल का? तेव्हापासून मी अंघोळीला जाताना त्या खोलीला कडी घालायला लागले. मामांनी ते पाहिलं. मग तेही माझ्याकडं तसंच बघायला लागले. एकाच ताटातली चटणी घ्यायचो आणि एकमेकांवर नजर ठेवायचो.

रविवारी सकाळी एक गोष्ट ध्यानात आली. मशीन बराच वेळ बंद राहिलं की जरा जास्त चालतं. म्हणजे तापून बंद पडतंय. प्रोसेसरवर त्याला गार ठेवणारा कूलर असतो, धातूच्या पात्यांचा ठोकळा आणि त्याला पंखा. मशीन बंद पडल्या पडल्या मी त्या ठोकळ्याला हात लावला. गारच. चूल पेटलेली आणि वरचा तवा थंड. मी स्क्रू काढून कूलर उचलला.

त्याच्या चकचकीत बुडाला पारदर्शक प्लास्टिक होतं. कडा नखानं दाबून नीट बसवलेल्या. आणि ते मी सोललेलं मला पक्कं आठवत होतं, माझ्या बांगडीलाच चिकटलं होतं ते, सोडवून मी खोक्यात टाकलं होतं.

मी कूलर तसाच मामांच्या पुढं धरला. "मामा, हे तुम्ही परत चिकटवलं?"

"व्हय," ते म्हणाले. आवाजात चोरी नव्हती. "तू दूध बघाया गेलीस तवा. परत देताना प्लास्टिक न्हाय म्हून त्यानं घेतलं नसतं."

"अहो, पण तेव्हा मी जोडतच होते. चालतं का नाही ते बघितलंही नव्हतं."

"आपल्या घरात आणलेलं कवा पयल्या झटक्यात चाललंय?"

इतके दिवस मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते, तोंडावर टाकायची वाक्यंसुद्धा तयार होती. पण माझं काम बुडावं असं त्यांच्या मनात कधी नव्हतंच. ते बुडणार, एवढं त्यांनी गृहीत धरलं होतं. दुष्टावा असता तर भांडता आलं असतं. मला नुसतं वाईट वाटलं.

बूड पुसलं, प्रोसेसरची उष्णता कूलरकडं नेणारी पेस्ट ट्यूबमध्ये उरली होती ती लावली, कूलर बसवला. मशीन चालू झालं आणि चालूच राहिलं. मामा खुर्ची ओढून जवळ आले आणि स्क्रीन आता जाईल, मग जाईल, म्हणून बराच वेळ बघत बसले.

सोमवारी दुपारी नकाशा पाठवला. थोड्या वेळानं इंजिनियरांचा मेसेज आला: "छान झालंय. बेंबळीच्या घराचं कामही तुम्हालाच देतो." मी तो मामांना मोठ्यानं वाचून दाखवला.

त्यांनी सुपारीचं खांड गालात सरकवलं. "तुझं काम आवडलं म्हून देतुया, का दुसरं कुणी गावलं न्हाय म्हून?"

त्यांना वाचून दाखवायच्या आधी तो मेसेज मी दोनदा वाचला होता, आणि दोन्ही वेळा माझ्या मनात हेच आलं होतं.