झाड फरूजाचं, माती भावाची

मेझियानने जिवंतपणीच वाटण्या केल्या. "मी गेल्यावर पोरं एकमेकांची डोकी फोडतील," असं तो म्हणायचा. पोरांना तो ओळखून होता.

आमच्या कबिल लोकांच्या डोंगरात बापाची जमीन मुलांना जाते. मुलीला फक्त छप्पर. नवरा मेला किंवा त्याने टाकलं, तर माहेरच्या चुलीशी जागा. मेझियानची फरूजा विधवा होऊन परतली होती. म्हाताऱ्याचं अंथरुण-पांघरुण, ऑलिव्हची वेचणी, सगळं तीच करायची.

वाटणीच्या दिवशी गावचे जाणते ओट्यावर बसले. बार्लीची शेतं आणि ऑलिव्हचा उतार थोरल्या बेलाइदला, अंजिरांची बाग धाकट्या हेम्मूला. मग म्हातारा म्हणाला, "उतारावरचं मोठं ऑलिव्ह फरूजाचं. झाड उभं आहे तोवर."

फरूजा दाराआडून म्हणाली, "आणि त्याच्याखालची माती, बाबा?"

"बाईला माती? उद्या पुन्हा निकाह केलास तर आपली माती परक्याच्या घरात जायची. झाड काय कमी आहे? माझ्या आज्यानेही ते म्हातारंच पाहिलं होतं."

"झाड हवेत उभं राहत नाही, बाबा."

जाणते हसले. "मेझियान, पोरीच्या जिभेला धार तूच लावलीस का?"

एकाच्या जमिनीत दुसऱ्याचं झाड, यात आमच्याकडे नवल नव्हतं. दुसऱ्याचं झाड तोडणाऱ्याला जबर दंड बसे, वर गावभर छी-थू. त्यामुळे मुलीची सोय लावली, या समाधानात म्हातारा गेला.

पहिले काही हिवाळे बरे गेले. फरूजा तेल काढायची, थोडं विकून बार्ली घ्यायची. भावजयीपुढे हात पसरायची वेळ येत नव्हती.

मग बेलाइदचा नांगर झाडाच्या बुंध्याशी येऊ लागला. नांगर अडेल तिथे तो कुदळ चालवायचा. एके दिवशी त्याने बांधासाठी झाडाला खेटूनच चर खणला. चरात तुटलेली मुळं पांढरी दिसत होती.

"दादा, झाड मरेल!"

"मी झाडाला हात लावलाय का? माझी माती खणतोय."

गावच्या बैठकीत बाईने बोलायची रीत नव्हती. तिने हेम्मूला पाठवलं. तो परत आला तो अंजीर चघळतच.

"काय म्हणाले?"

"झाड उभंच आहे म्हणाले. तक्रार कसली?"

त्या हिवाळ्यात बर्फ पडलं आणि वाऱ्याने झाड उताराकडे कोसळलं. हेम्मू पुन्हा बैठकीला गेला.

"आता काय म्हणाले?"

हेम्मूने मान खाली घातली. "झाड पडलं म्हणाले. आता हक्क कसला?"

लाकूड मात्र तिचं ठरलं. बेलाइद म्हणाला, "लवकर उचल, मला पेरायचंय. आणि फरूजा, नांगराजोगा एक तुकडा माझ्यासाठी ठेव."

फरूजाने कुऱ्हाड घेतली. नांगराजोगं, खांबाजोगं, काहीच शिल्लक ठेवलं नाही. सगळ्याच्या ढलप्या केल्या आणि पाठीवर वाहून घरी आणल्या.

पण घरात चूल एकच होती. बेलाइद तिच्यापुढे पाय पसरून बसायचा.

"ऑलिव्हच्या लाकडाची धग वेगळीच," तो म्हणाला. "घाल अजून एक."

बाहेर बर्फ पडत होतं. तिलाही थंडी वाजत होती. फरूजाने आणखी एक ढलपी आत सारली.